न विचारता सांगणारे महाराज

दोन हजार सात सालच्या ऑक्टोबरातल्या एका रविवारी मिल्टन कीन्समधल्या एका प्रायमरी स्कूलच्या हॉलमध्ये दोनशे मराठी माणसं श्वास रोखून बसली होती. पुढच्या तीन रांगा सोडल्या तर खुर्च्या सात वर्षांच्या मुलांच्या मापाच्या होत्या. त्यांवर बसलेल्या सर्जनांचे आणि सॉफ्टवेअरवाल्यांचे गुडघे हनुवटीला टेकले होते. त्या आसनात माणसाचं तोंड आपोआप थोडं उघडं राहतं. चमत्कार बघायला ही स्थिती उत्तम.

स्टेजवर हृदयंगम महाराज होते. मोतिया कफनी, कपाळावर गंध, समोर लाल कापडात गुंडाळलेली पोथी. कफनीच्या गळ्यातून थर्मलची कड डोकावत होती, कारण वैराग्य आलं तरी ऑक्टोबर हा ऑक्टोबरच असतो.

"तुमच्याकडे ती कौन्सेलिंगवाली बाई असते ना," महाराज म्हणाले, "ती काय करते? विचारते. 'हाऊ डझ दॅट मेक यू फील?' अगं बाई, मला कसं वाटतंय हे मला कळत असतं तर तुझ्या दारात कशाला आलो असतो? पन्नास मिनिटं विचारते, मध्येच टिश्यूचा डबा पुढे सरकवते, आणि घड्याळाकडे बघून म्हणते, 'सी यू नेक्स्ट वीक.' प्लंबर घरी आला आणि त्यानं तुम्हालाच विचारलं की पाणी कुठून गळतंय असं वाटतं, तर त्याला चहा द्याल का?"

हॉल खळाळून हसला. कुणीही चहा देणार नव्हतं.

"मी विचारत नाही," महाराज आवाज खाली आणत म्हणाले. "मी सांगतो."

ते स्टेजवरून उतरले आणि दुसऱ्या रांगेतल्या एका तरुण बाईसमोर उभे राहिले. ही वरदा. चार महिन्यांपूर्वी तिला मुलगी झाली होती, सिया. त्यानंतर वरदाच्या आतलं कुणीतरी दिवा मालवून निघून गेलं होतं. ती उठायची, बाळाला पाजायची, कपडे बदलायची, आणि यातलं काहीच आपण करत नाही आहोत अशा चेहऱ्यानं खिडकीशी बसायची.

"बोलू नकोस, माऊली. बोलायची गरज नाही. एका दुपारी तू लेकराला पाळण्यात निजवलंस, दार ओढून घेतलंस आणि चालायला लागलीस. तांबड्या वाटेनं. पहिला बोगदा ओलांडलास. दुसऱ्या बोगद्यापाशी थांबलीस. तिथे तुला वाईट वाटलं नाही. हलकं वाटलं. आणि त्या हलकं वाटण्याची भीती वाटून तू पळत परत आलीस."

मिल्टन कीन्सभर चालणाऱ्यांसाठी तांबड्या डांबराच्या वाटा आहेत, मोठ्या रस्त्यांखालून बोगद्यांतून जाणाऱ्या. हॉलमधल्या प्रत्येकाला ती वाट दिसली, तो बोगदा दिसला आणि रिकाम्या घरातला पाळणाही.

"हे तू नवऱ्याला सांगितलं नाहीस. सासूला सांगितलं नाहीस. मग मला कुणी सांगितलं?" महाराजांनी बोट वर केलं. वर छताला पीटीच्या दोरखंडांची गुंडाळी होती, पण तिच्याकडे कुणी पाहिलं नाही.

वरदाच्या शेजारी बसलेली, मराठी मंडळातली नीना हुंदके देऊन रडू लागली.

मग महाराजांनी निदान केलं. आजार वगैरे काही नव्हता. पोटात जुळं होतं, एक जीव परत गेला, तो आईला बोगद्यापलीकडून हाका मारतो. उपाय सोपा होता. पुढच्या रविवारी दसरा. त्या मुहूर्तावर चाळीस दिवसांच्या मौनाचा संकल्प सोडायचा. गोळ्या बंद, त्या बाईकडे जाणं बंद. "बोलल्यानं दुःख वाढतं. वाफ कोंडली की भात शिजतो."

तिसऱ्या रांगेत वरदाची सासू बसली होती. ज्या गोष्टीसाठी सुनेला चार महिने शब्द सापडला नव्हता, ती तिला दोनशे माणसांबरोबर कळली होती. तिला फक्त वरदाची मान दिसत होती. ती मान हळूहळू खाली जात होती, जणू कुणी वरून दाबत आहे.

ही सासू म्हणजे प्रमोदिनीबाई. त्या एका सर्जरीच्या, म्हणजे इथल्या डॉक्टरांच्या दवाखान्याच्या, रिसेप्शनवर बावीस वर्षं होत्या. गावातल्या निम्म्या लोकांचे मूळव्याध, गर्भपात आणि दारूचे हिशेब त्यांच्या हाताखालून गेले होते आणि एक अक्षर बाहेर पडलं नव्हतं. यजमान शशिधरराव निवृत्त भूलतज्ज्ञ. त्यांच्या स्वतःच्या रक्ततपासणीचा निकालसुद्धा बाईंनी त्यांना घरी सांगितला नव्हता, रीतसर फोन करून अपॉइंटमेंट घ्यायला लावली होती. अशा बाईच्या मनात त्या क्षणी जे आलं त्याला सुसंस्कृत मराठीत सूड म्हणतात. असंस्कृत मराठीतही तोच शब्द आहे.

पण सूड घ्यायचा कुणाचा, हे कळायचं होतं.

"आई, फालतूगिरी आहे हे मलाही कळतं," त्या रात्री त्यांचा मुलगा क्षितिज म्हणाला, "पण त्याला कळलं कसं? आय मीन, मलासुद्धा माहीत नव्हतं."

वरदाचं उत्तर ठरलेलं होतं. ही गोष्ट तिनं जगात एकाच व्यक्तीला सांगितली होती, सर्जरीतल्या कौन्सेलरला, हेलनला. म्हणजे दोनच शक्यता. महाराज अंतर्ज्ञानी, नाहीतर हेलन चुगलखोर. दोन्हींचा निष्कर्ष एकच: हेलनकडे जायचं नाही. गोळ्या तिनं त्याच रात्री केरात टाकल्या होत्या.

गुरुवारी अपॉइंटमेंट होती. वरदा गेली नाही. सर्जरीचा नियम प्रमोदिनीबाईंना पाठ होता, त्याची पत्रं त्यांनीच शेकड्यांनी टाइप केली होती: लागोपाठ दोन अपॉइंटमेंट चुकल्या की नाव यादीतून काढायचं. यादी तीन महिन्यांची होती. वरदाचा नंबर लागायला आख्खा उन्हाळा गेला होता, आणि तीन भेटींनंतर एकदा, एकदाच, तिनं आपणहून सियाचे पाय हातात घेतले होते. पुढचा गुरुवार हुकला तर पुन्हा तीन महिने. तेवढे महिने वरदा त्या खिडकीशी नुसती बसून राहील याची बाईंना खात्री नव्हती.

शुक्रवारी सकाळी त्या सर्जरीत जाऊन हेलनसमोर बसल्या. आधी सूड इथेच निघतोय का ते बघायचं होतं.

"माझी सून तुमच्याकडे येते," त्यांनी सुरुवात केली.

"कोण माझ्याकडे येतं आणि कोण नाही, हे मला सांगता येत नाही," हेलन म्हणाली. पन्नाशीची, कार्डिगनच्या बाहीला भोक, हातात काही नाही.

"येते हे मला माहीत आहे. माझ्या डोळ्यांदेखत निघते."

"तुम्हाला माहीत असेल. मला सांगता येत नाही."

"मी तिची सासू आहे."

"ते लक्षात आलं माझ्या."

"मी बावीस वर्षं बाहेरच्या त्या काउंटरवर बसलेय."

"मग मी का सांगत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार."

प्रमोदिनीबाई पाच मिनिटं वेगवेगळ्या दारांनी आत शिरायचा प्रयत्न करत राहिल्या. प्रत्येक दार तितक्याच अदबीनं बंद झालं. हेलननं वरदाचं नाव घेतलं नाही, नाकारलं नाही, तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. बाईंना एखाद्या सुताराला दुसऱ्याचा सांधा बघून वाटतं तसं वाटू लागलं. ही बाई फोडणाऱ्यातली नव्हे.

"बरं," त्या म्हणाल्या, "मग कुणाचंच नाव न घेता सांगा. ह्या खोलीत होतं काय? आमच्याकडे एकजण म्हणतो, तुम्ही नुसतं विचारता. गोळ्याही बंद करा म्हणतो."

"तो बरोबर म्हणतो," हेलन म्हणाली. "मी विचारते आणि थांबते. थांबणं जास्त अवघड. माणूस जे बोलायला घाबरतो ते तो इथे मोठ्यानं बोलतो, आणि छप्पर पडत नाही. पुढच्या आठवड्यात येऊन पुन्हा बोलतो. काय करायचं ते मी सांगत नाही. त्याचं त्याला दिसेपर्यंत सोबत बसते. कधी उपयोग होतो, कधी माझ्याऐवजी दुसरं कुणी लागतं. बोललेलं खोलीबाहेर जात नाही. कुणाच्या जिवाला धोका वाटला तरच मला बोलावं लागतं, आणि तेही शक्यतो त्या माणसाला आधी सांगून. आणि गोळ्यांचं म्हणाल तर त्या माझ्या हातात नाहीत, पण कुणीही त्या एकदम थांबवू नयेत. ज्यानं थांबवल्या असतील त्यानं आजच डॉक्टरांना फोन करावा."

"त्यात चमत्कार काही नाही."

"नाही. गुडघ्याच्या व्यायामासारखं आहे. कंटाळवाणं आणि थोडं दुखणारं."

प्रमोदिनीबाईंनी घरी येऊन आधी डॉक्टरांना फोन लावून तो वरदाच्या हातात दिला, मग स्वयंपाकघराचं दार लावलं.

"वरदा, ते बोगद्याचं तू कुणाला सांगितलं होतंस?"

"हेलनला. फक्त."

"आणखी?"

"कुणाला नाही, आई. खरंच."

"थर्सडेला तिथून घरी कशी येतेस?"

ह्या गावात गाडी न चालवणारा माणूस म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट. वरदाची ड्रायव्हिंग टेस्ट व्हायची होती, क्षितिज ऑफिसात, आणि त्या तासाभरात सियाला प्रमोदिनीबाई सांभाळत. तेव्हा मंडळाच्या 'लिफ्ट सेवे'त नीनाचं नाव होतं. नीनाची ही सेवा महाराजांच्या सत्संगातूनच सुरू झाली होती.

"नीनाताई आणतात."

"गाडीत गप्प बसता?"

"नाही, पण..." वरदा थांबली. "त्या विचारतात, 'कसं झालं गं?' मग आम्ही बोलतो. ते काही सांगणं नाही ना. गाडीत असंच बोलतो आपण."

प्रमोदिनीबाईंनी डोळे मिटले. आपल्या लोकांची ही जुनी खोड. टेबलाशी बसून, तोंडाकडे बघून बोलतो ते सांगणं. भाजी निवडताना, वाट चालताना, गाडीत शेजारी बसून समोरच्या काचेकडे बघत बोलतो ते नुसतं बोलणं. ते मोजायचं नसतं. वरदानं खोटं सांगितलं नव्हतं. तिनं मोजलं नव्हतं.

"नीनाताईंनी कुणाला सांगितलं नसणार," वरदा म्हणाली. "त्या माझ्यासाठी रडल्या हो."

नुसतं सांगून ते वरदाला पटणार नव्हतं. तिला दिसायला हवं होतं, आणि रविवारच्या आत.

शनिवारी विष्णूपंतांच्या घरी दसऱ्याच्या श्रीखंडासाठी चक्का टांगायचा होता. विष्णूपंत म्हणजे मंडळाचे अध्यक्ष. प्रमोदिनीबाईंनी नीनाला फोन केला. "अगं, माझी गाडी एमओटीला गेलीय. येतेस का न्यायला?" गाडी वार्षिक तपासणीला गॅरेजमध्ये गेलेली नव्हती, स्वतःच्या दारात निवांत उभी होती. बावीस वर्षांत त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं खोटं. दुसरं जास्त सोपं गेलं.

"आज वीस तारीख ना गं," तिसऱ्या राउंडअबाउटच्या गोल चौकात त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "मिलिंद गेला तो दिवस."

"मिलिंद?"

"माझा धाकटा भाऊ. कॉव्हेंट्रीला असायचा. कालव्यात... सतरा वर्षं झाली."

"हं," नीना म्हणाली.

ते 'हं' फार सुरेख होतं. मऊ, रुंद, बसायला जागा असलेलं. पुढच्या तीन राउंडअबाउटांत मिलिंद रीतसर बुडाला. वडिलांच्या घड्याळावरून भांडण, अकरा वर्षं अबोला, शेवटच्या दिवशी त्याचा फोन वाजत राहिलेला, बाईंनी न उचललेला. अंगावर बहिणीनं विणलेला लाल मफलर. सांगता सांगता बाईंचा आवाज खरोखरच चिरकला, आणि सहावं राउंडअबाउट येईपर्यंत त्यांना कळलं की आपण बोलून जाणार आहोत, "आणि क्षितिज झाला तेव्हा माझंसुद्धा..."

"हं?" नीना हलकेच म्हणाली.

प्रमोदिनीबाईंनी तोंड मिटलं. चौतीस वर्षांत ते शशिधररावांनाही सांगितलेलं नव्हतं. त्यांना वरदाचा रागही आला नाही आणि नवलही वाटलं नाही. नीनाला ऐकण्याची देणगी होती. देणगीला कुलूप नव्हतं, एवढंच.

संध्याकाळी त्यांनी कॉव्हेंट्रीला फोन लावला. मिलिंद मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त होऊन टोमॅटो लावत होता.

"ताई, म्हणजे मी मेलोय?"

"हो. नव्वद साली."

"मग पेन्शन कोण घेतंय?" थोडा विचार करून तो म्हणाला, "किती वाजता यायचं?"

"अडीच. मागे बसायचं. आणि मी सांगेपर्यंत मेलेलाच राहायचं."

"ते जमेल. एकाहत्तर साली मंडळाच्या नाटकात माझं कामच प्रेताचं होतं. तेव्हाही सगळे म्हणाले होते, नैसर्गिक."

रविवारी दसरा. हॉलच्या दारात महाराजांचे सेवक गिरीशभाऊ उभे होते. ते एकेकाच्या कपाळी गंध लावत आणि पुढच्या रांगांतल्या माणसांना हाताला धरून ठरावीक खुर्चीवर बसवत. "काकू, तुम्ही आज दुसरी रांग, चौथी खुर्ची. वरदाताई, तुम्ही पाचवी." प्रमोदिनीबाईंना ह्या आदराचं कौतुक वाटलं. मागच्या खेपेला त्यांना कुणी खुर्ची ठरवून दिली नव्हती. मागच्या खेपेला त्यांच्याकडे दुःख नव्हतं.

महाराजांनी पोथी उघडली, क्षणभर तिच्यात बघून डोळे मिटले, आणि उतरून आले. थेट चौथ्या खुर्चीपाशी.

"संकल्पाआधी एक ओझं उतरवायचंय," ते म्हणाले. "ह्या मातेच्या पाठीशी कुणीतरी उभं आहे. पाण्यातून आलंय. कपडे ओले आहेत. म... मि... मिलिंद."

हॉलमधून एक सुस्कारा फिरला. प्रमोदिनीबाईंच्या शेजारी पाचव्या खुर्चीतली मान वर झाली.

"भाऊ. धाकटा. घड्याळाचं निमित्त, आणि अकरा वर्षं तोंड पाहिलं नाहीत. गळ्यात लाल मफलर आहे. तो मला म्हणतोय, 'ताईला सांगा, फोन का नाही उचललास?'"

प्रमोदिनीबाई महाराजांकडे बघत नव्हत्या. त्या वरदाकडे बघत होत्या. हॉलमधल्या दोनशे माणसांची त्यांना आत्ता पर्वा नव्हती. हा सगळा खटाटोप एकीसाठी होता. मिलिंदमामानं परवाच फोन करून वरदाला सियाच्या स्वेटरचं माप विचारलं होतं. तिच्या कपाळावर एक आठी आली. चार महिन्यांत तिच्या चेहऱ्यावर आलेली ही पहिली शंका.

"महाराज," प्रमोदिनीबाई नम्रपणे म्हणाल्या, "तो शांत झाला का हो?"

"नाही. तो भटकतोय. आत्ता ह्याच सभागृहात आहे."

"आहे ना," मागून आवाज आला. सात वर्षांच्या मुलाच्या खुर्चीतून एक पासष्टीचा गृहस्थ दोन्ही हातांनी गुडघे सोडवत उठला. "पार्किंग मिळायला वेळ लागला. आणि मफलर निळा आहे. लाल माझ्याकडे कधीच नव्हता."

वरदाच्या तोंडून एक आवाज निघाला. ते हसू होतं की उचकी ते तिलाही सांगता आलं नसतं.

"हा... हा देह आहे," महाराज म्हणाले. "मी आत्म्याबद्दल..."

"तोही आणलाय," मिलिंद म्हणाला. "घरी ठेवायला कुणी नव्हतं."

"मी मातेची परीक्षा घेत होतो!"

"निकाल बघूया मग," म्हणत शशिधरराव स्टेजवर चढले. आयुष्यभर प्रत्येक ऑपरेशनआधी पेशंटचं नाव दोनदा तपासून बघणाऱ्या माणसाच्या सवयीनं त्यांनी चष्मा लावला आणि पोथी उलटी धरली. आतून ए-फोर कागद घसरले, कॉम्प्युटरवर टाइप केलेले, रांगेनुसार.

"रांग दोन, खुर्ची चार," त्यांनी वाचलं. "प्रमोदिनी, रिटायर्ड. भाऊ मिलिंद, मयत, कालवा. घड्याळ. अकरा वर्षं अबोला. लाल मफलर. फोन उचलला नाही." ते थांबले. "पुढे कंसात लिहिलंय, रडेल."

आता हॉल उठला. "माझं वाचू नका हो, डॉक्टर!" तिसऱ्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, आणि त्यासरशी सगळ्यांना कळलं की प्रत्येकाची एक ओळ आहे. शशिधररावांचे डोळे पाचव्या खुर्चीच्या ओळीवर गेलेच होते. त्यांनी चष्मा काढला. प्रमोदिनीबाईंनी जाऊन त्यांच्या हातून कागद घेतले, चार घड्या केल्या आणि पर्समध्ये ठेवून चेन लावली.

"कुणाची ओळ कुणाला दिसणार नाही," त्या म्हणाल्या. "ज्याला स्वतःची बघायची असेल त्यानं एकट्यानं यावं, ओळ कापून देईन. बाकी आज रात्री श्रेडरमध्ये."

मग त्यांनी एक छोटी खुर्ची ओढली. "महाराज, बसा."

महाराज बसले. गुडघे हनुवटीला टेकले. समोर दुसऱ्या छोट्या खुर्चीवर प्रमोदिनीबाई बसल्या, हात मांडीवर, चेहरा शांत.

"तुम्हाला आत्ता कसं वाटतंय?"

महाराजांनी दाराकडे पाहिलं. दारात गिरीशभाऊ नव्हते, नुसती गंधाची वाटी होती.

बाई थांबल्या. हेलन म्हणाली होती, थांबणं अवघड. प्रमोदिनीबाईंना ते आत्ता मुळीच अवघड जात नव्हतं. एका आईला मेलेल्या बाळाची खोटी हाक ऐकवणारा माणूस त्यांच्यासमोर हातभर अंतरावर बसला होता, आणि त्याला द्यायला त्यांच्याकडे जगातला सगळा वेळ होता. एक मिनिट गेलं. दोनशे माणसांतलं कुणी खाकरलंही नाही. महाराजांच्या गंधावरून घामाचा ओघळ खाली आला. बाईंनी पर्समधून टिश्यूचं पाकीट काढलं आणि अलगद पुढे सरकवलं.

"घाई नाही," त्या म्हणाल्या. "पन्नास मिनिटं आहेत."

चौथ्या मिनिटाला महाराज उठले आणि फायर एक्झिटमधून गेले. अलार्म वाजला. तो बंद करायला आलेल्या केअरटेकरनं हॉल कधी रिकामा होईल एवढंच विचारलं, कारण साडेचारला त्याच्याकडे बॅडमिंटन होतं.

सगळ्यात शेवटी नीना आली. डोळे सुजलेले. "काकू, मी महाराजांना काहीच सांगितलं नव्हतं. देवाशपथ. मी शनिवारी फक्त गिरीशभाऊंना सांगायचे, प्रार्थनेच्या यादीसाठी. कुणाला काय त्रास आहे ते."

"आणि गिरीश ती यादी कुणाला द्यायचा?"

नीनानं डोळे पुसले. मग म्हणाली, "पण महाराज बोलले तेव्हा मला खरंच काटा यायचा हो अंगावर."

"येणारच. आपलंच वाक्य कफनीतून ऐकू आलं की येतो." प्रमोदिनीबाईंनी पर्समधून कात्री काढली, कागदातली एक पट्टी कापली आणि नीनाच्या हातात ठेवली. "ही तुझी. तुझंही नाव होतं त्यात."

नीनानं ती ओळ वाचली. मग एका छोट्या खुर्चीवर जाऊन बसली आणि बराच वेळ उठली नाही. ओळीत काय होतं ते आजवर कुणाला कळलेलं नाही. नीनाला शिक्षा करण्याचा बाईंचा दुसरा एक बेतही होता, पण तिचा चेहरा बघून त्यांनी तो रद्द केला आणि तिला घरी सोडलं. वाटेत काहीही विचारलं नाही. ही शिक्षाही नीनाला बरीच जड गेली असावी.

महाराजांसाठीचा बेत मात्र रद्द झाला नाही. रिसेप्शनिस्टला फोनचा कंटाळा नसतो. सोमवारपासून प्रमोदिनीबाईंनी इंग्लंडातल्या एकूण एक मंडळाच्या चिटणिसांना फोन केले, हसतमुख आवाजात, तारीखवार. नाव एकाच पेशंटचं सांगितलं, स्वतःचं. आठ दिवसांत महाराजांचे सगळे कार्यक्रम रद्द झाले. ते पूर्वाश्रमी दारोदार खिडक्यांच्या दुहेरी काचा विकत असत असं मागाहून कळलं, आणि तो धंदा अजून तेजीत आहे.

त्या दसऱ्याच्या रात्री वरदानं स्वयंपाकघरात भांडी पुसता पुसता विचारलं, "म्हणजे हेलन नव्हती?"

"नव्हती. मी तिला फोडायला गेले होते. तू तिथे जातेस एवढंसुद्धा तिनं कबूल केलं नाही."

वरदानं एक ताटली दोनदा पुसली. "आणि ते जुळं? ते हाका मारतंय ते?"

"मिलिंद मेला तेवढंच ते खरं."

ताटली खाली ठेवून वरदा रडायला लागली. प्रमोदिनीबाईंनी तिला थांबवलं नाही.

गुरुवारी सियाला आजोबांकडे ठेवून बाईंनी वरदाला स्वतः सर्जरीत सोडलं. पन्नास मिनिटं त्या गाडीत बसून राहिल्या. वरदा बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते; ती काही चमत्कारानं बरी झालेली दिसत नव्हती. गोळ्या डॉक्टरांनी पुन्हा सुरू केल्या होत्या, भेटी अजून उरल्या होत्या आणि लागल्या तर आणखी मागायच्या होत्या. बरं होणं हे असं असतं. तारखा घेऊन, रांगेत बसून, एक आठवडा पुढे आणि कधी दोन मागे. ज्यांना एका रविवारात बरं व्हायचंय त्यांच्यासाठी कफन्या पुष्कळ आहेत. पण जो न विचारता तुमच्या मनातलं सांगतो त्याला एकच प्रश्न विचारावा, तुला हे कुणी सांगितलं? उत्तरासाठी वर बघू नये. आजूबाजूला बघावं. आणि मन दुखत असेल तर विचारणाऱ्याकडे जावं, थांबणाऱ्याकडे जावं, ज्याच्याकडून तुमचं नावही बाहेर येत नाही त्याच्याकडे जावं. त्यात लाज नाही. लाज असलीच तर ती दुसऱ्याच्या ओळी पोथीत लपवणाऱ्याला.

प्रमोदिनीबाईंनी गाडी सुरू केली. 'कसं झालं गं?' हे तीन शब्द त्यांच्या दातांमागे येऊन उभे राहिले. सूड घेणं सोपं गेलं होतं. हे त्याहून अवघड होतं. पहिलं राउंडअबाउट गेलं. दुसरं गेलं. बाईंनी स्टिअरिंग घट्ट धरलं आणि काही विचारलं नाही. वरदाही काही बोलली नाही. समोरच्या काचेकडे बघत ती शांत बसली होती, मान सरळ.

तिसऱ्या राउंडअबाउटच्या अलीकडे ती म्हणाली, "आई, इथून डावीकडे घ्या ना. सियाच्या नॅपीज संपल्यात."